तोरणमाळचा रस्ता आज कसा आहे?

तळोद्याला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयासमोरच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. मी सॅम्युअल गावित, मूळचा नवापूरकडचा. ऑनलाइन फॉर्म, दाखले, झेरॉक्स, टायपिंग आणि वर्षाकाठी तीन-चार वेबसाइटी, यावर माझं दुकान चालतं. वेबसाइटचं काम मी आपलं आपण शिकलो होतो आणि ते आपल्याला चांगलं येतं, असा माझा समज होता. तो समज योगिता पावरानं उतरवला.

योगिता तोरणमाळची. तिचे वडील डोंगरसिंग शहादा-तोरणमाळ जीप चालवतात. बावीस वर्षं तोच घाट. शहाद्याला बी.ए. करून योगिता घरी परतली आणि बापलेकीनं घराला लागून दोन खोल्या काढल्या, फिरायला येणाऱ्यांना राहण्यासाठी. त्या खोल्यांच्या नोंदणीचे कागद घेऊन ती तळोद्याला आली होती. कार्यालयात जेवणाची सुट्टी होती म्हणून गल्लीत सावलीला थांबली आणि माझ्या दारावरची ‘वेबसाइट बनवून मिळेल’ ही पाटी वाचून आत आली.

आठवड्याभरात मी साइट करून दिली. पहिल्या पानावर सूर्यास्ताचे पाच मोठे फोटो एकामागून एक सरकायचे. त्यावर ‘सातपुड्याच्या कुशीत वसलेले निसर्गरम्य नंदनवन’ असा मथळा. खालचा मजकूर मी दोन-तीन ठिकाणांहून उचलून जोडला होता. ते काम मला इतकं आवडलं होतं की दाखल्यासाठी आलेल्या माणसालाही मी ते दाखवायचो.

तीन महिन्यांनी योगिता पुन्हा आली. समोरच्या स्टुलावर बसली आणि सरळ म्हणाली, “सर, आमच्या खोल्यांचं नाव टाकलं की साइट येते.”

“मग झालं की!”

“पण आमचं नाव ज्याला माहीत आहे, त्याच्याकडे बाबांचा नंबर असतोच. ज्याला माहीत नाही, त्याला आम्ही सापडणार कसे?”

तिच्यादेखत मी गूगलवर ‘तोरणमाळ राहण्याची सोय’ टाकून बघितलं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. वर दिसत होते ते सगळे लांबलांबच्या शहरांतले एजंट. त्यातल्या एकानं तोरणमाळ म्हणून बर्फाच्या डोंगराचा फोटो लावला होता. चौथ्या पानाच्या तळाशी आमची साइट सापडली. तिच्या नावाच्या जागी लिहिलेलं होतं, ‘होम’. एवढंच. मी नाव द्यायचंच विसरलो होतो.

“मी करतो काहीतरी,” मी म्हणालो.

मी केलं ते असं. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेली युक्ती वापरून पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘तोरणमाळ हॉटेल तोरणमाळ रूम तोरणमाळ स्वस्त’ असं चाळीस वेळा लिहून टाकलं. वाचणाऱ्याला दिसणार नाही, पण मशीनला दिसेल, असा हिशेब. दहा दिवसांनी योगिताचा फोन आला.

“सर, एका पाहुण्याला पाठवायला मी पानावरचा पत्ता कॉपी केला. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर त्याच्यासोबत तोरणमाळ तोरणमाळ असं लांबलचक काहीतरी गेलं. ते काय आहे?”

“ते मशीनसाठी आहे.”

“मशीन राहायला येणार आहे का आमच्याकडे?”

ती चिडून बोलली नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी खोटं बोलू शकलो नाही. असली चलाखी पकडली गेली तर साइट आणखी मागे ढकलली जाते, हेही सांगितलं. ती म्हणाली, “ते काढून टाका सर. आणि मला एक सांगा, लोक मोबाइलमध्ये नेमकं काय टाकतात, हे आपल्याला कुठे कळेल?”

त्यासाठी महागडी साधनं मिळतात, पण छोट्या गावांचा त्यांत पत्ता नसतो, असं मी म्हणालो. “बरं,” म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढचे आठ रविवार ती यशवंत तलावाच्या काठी, जिथे गाड्या लागतात तिथे, वही घेऊन उभी राहिली. येईल त्या कुटुंबाला ती एकच प्रश्न विचारायची, “इथे यायच्या आधी मोबाइलवर काय टाकलं होतं? जसंच्या तसं सांगा.” लोक आधी हसायचे. काहींना ती सर्व्हेवाली वाटायची. पण मग कुणीतरी खिशातून फोन काढायचं आणि मागचं शोधलेलं सगळं तिच्यासमोर धरायचं. ती ते चुकांसकट उतरवून घ्यायची. शुद्धलेखन चुकलेलं असेल तर चुकलेलंच लिहायची.

ती वही माझ्या टेबलावर उघडली गेली तो दिवस मला चांगला आठवतो. ‘तोरणमाल में पेट्रोल पंप है क्या.’ ‘शहादा तोरणमाळ बस टाइम.’ ‘तोरणमाळ घाटात लहान गाडी चढेल का.’ ‘तोरणमाळला मोबाइल रेंज येते का.’ ‘तोरणमाळ थंडी कोणत्या महिन्यात.’ आणि सगळ्यांत जास्त वेळा, वेगवेगळ्या शब्दांत, एकच प्रश्न, रस्ता कसा आहे? एकशे चाळीस नोंदी होत्या. त्यांत ‘कुशीत’ नव्हतं, ‘निसर्गरम्य’ही नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “नंदनवन कुणी शोधत नाही. लोक विचारतात, गाडी चढेल का.”

पंधरा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून जे मला सुचलं नव्हतं, ते या पोरीनं तलावाच्या काठावर उभं राहून मिळवलं होतं.

मग आम्ही सगळी साइट पाडली आणि नव्यानं बांधली. एका प्रश्नाला एक पान. पानाचं नाव म्हणजे तोच प्रश्न, लोकांच्या शब्दांत. पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर, कारण शोधणाऱ्याला गूगलच्या यादीत आधी तेवढंच दिसतं. पेट्रोलचं पान वाचणारा पुढे रस्त्याचंच विचारणार, म्हणून तिथून रस्त्याच्या पानाकडे जायची वाट. उचललेला मजकूर एकूण एक काढून टाकला. तो हजार ठिकाणी असताना मशीननं आमच्याकडे का यावं, हे आता मलाही कळत होतं.

फोटोंचं वजन तिनंच शोधून काढलं. तोरणमाळला जिथे रेंजची एकच काडी दिसते तिथे उभं राहून तिनं आमची जुनी साइट उघडली होती. “पहिला फोटो येईपर्यंत आमची शेळी तलावाला वळसा घालून आली,” ती म्हणाली. मी फोटो आटवले आणि सरकते फोटो काढून टाकले. प्रत्येक फोटोखाली तो कशाचा आहे हे तिनं साध्या शब्दांत लिहिलं, म्हणजे फोटो आला नाही तरी वाचणाऱ्याचं अडू नये.

रस्त्याच्या पानासाठी डोंगरसिंगभाऊ स्वतः तळोद्याला आले. त्यांना मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. ते सांगत गेले आणि योगिता लिहीत गेली. “सातपायरी घाटाच्या वळणांवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. हॉर्न द्यायला लाजू नका. धुकं आलं तर लाइट खाली ठेवा, वर ठेवला तर पुढे पांढरी भिंत दिसते. उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, तेल वाचवायला जाल आणि ब्रेक जाळून बसाल.” बोलता बोलता ते मध्येच थांबले.

“सगळाच रस्ता सांगून टाकला तर माझ्या जीपमध्ये कोण बसेल?”

“ज्याला हे वाचून भीती वाटेल तो,” योगिता म्हणाली. भाऊ इतके हसले की बाहेर झेरॉक्ससाठी थांबलेला माणूस आत डोकावला.

त्या पानाला आम्ही नाव दिलं, ‘तोरणमाळचा रस्ता आज कसा आहे?’ ‘आज’ हा शब्द योगिताचा. रोज सकाळी भाऊंची पहिली फेरी झाली की ते तिला रस्ता सांगायचे आणि ती वर तारीख, वेळ टाकून दोन ओळी लिहायची. मराठीत आणि हिंदीत. रस्ता कोरडा आहे. खडकीजवळ धुकं आहे. वळणावर एक ट्रक बिघडलाय, लहान गाड्या जातात.

साइटचा नकाशा, म्हणजे सगळ्या पानांची यादी, मी गूगलकडे पाठवला आणि आम्ही वाट बघू लागलो. पहिला महिना जवळजवळ कोरडा गेला. दुसऱ्या महिन्यात दिवसाला तीन-चार जण. मला धीर निघेना. त्याच सुमारास मला एक फोन आला की, दुसऱ्या हजार साइटींवर तुमच्या साइटचा पत्ता टाकून देतो, इतके जण तुमचं नाव घेताहेत म्हटल्यावर गूगल महिन्यात तुम्हाला वर आणेल. मी योगिताला विचारलं.

“त्या हजारातलं कुणी कधी तोरणमाळला आलंय का?” तिनं विचारलं.

“कसं येणार? नुसती नावं असतात ती.”

“मग ते आपल्याबद्दल कशाला बोलतील?”

त्याऐवजी आमच्याबद्दल बोलले ते खरंच येऊन गेलेले लोक. धुळ्याच्या एका सायकलवाल्या गटानं त्यांच्या प्रवासवर्णनात लिहिलं, घाटाची खबर इथे बघा, आणि आमच्या पानाचा पत्ता दिला. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी सहलीच्या सूचनांत तो दिला. मग आणखी कुणीतरी. जून उजाडला तोवर कुणीही ‘तोरणमाळ रस्ता’ टाकलं की सगळ्यांत वर योगिताचं पान यायला लागलं, त्या बर्फाच्या डोंगरवाल्याच्याही वर. खोल्या शनिवार-रविवारी रिकाम्या राहीनात. तोरणमाळच्या आणखी चार घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. त्यांतलं सगळ्यांत मोठं घर रामसिंगकाकांचं. ते योगिताचे शेजारी, त्यांचीही एक जीप होती.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. सलग तीन दिवस सुट्टी, सगळी घरं आधीच भरलेली. गुरुवारी दुपारी योगिताचा फोन आला.

“सर, पान बदलतेय. येऊ नका असं लिहिते.”

“रस्ता बंद झाला?”

“नाही, चालू आहे. पण चौथ्या वळणावर डोंगराच्या बाजूला भेग पडलीय आणि डोंगराला टेकून बांधलेल्या भिंतीखालून पाणी येतंय. बाबांनी रस्त्याच्या खात्यातल्या लोकांना कळवलं. ते येऊन बघून गेले, फीत बांधून एक बाजू बंद केली. बाबा म्हणतात, डोंगर हलतोय.”

मी सांगतो मी काय म्हणालो, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, “योगिता, किती घासून आपण वर आलोय! रस्ता चालू असताना बंदसारखं लिहिलंस आणि काहीच झालं नाही, तर लोक पुन्हा तुझ्या पानावर विश्वास ठेवणार नाहीत. सरकारी सूचना येईपर्यंत थांब.”

“आणि मी लिहिलं नाही आणि झालं, तर?”

संध्याकाळी मी पान उघडलं. तिनं लिहिलं होतं, ‘रस्ता आज चालू आहे. बंद झालेला नाही. पण चौथ्या वळणावर बोटभर भेग पडली आहे आणि भिंतीखालून पाणी येतंय. बावीस वर्षांत तिथून पाणी आलेलं माझ्या वडिलांनी पाहिलेलं नाही. आमच्या दोन्ही खोल्यांचं बुकिंग आम्ही रद्द केलं आहे. हे तीन दिवस येऊ नका. आम्ही चुकलो तर चुकलो.’ खाली भेगेचा फोटो होता आणि भेगेत घातलेलं भाऊंचं बोट.

शुक्रवारी काहीच झालं नाही. पाऊस थांबून थांबून पडत होता. पुष्कळ लोक आले नाहीत, पण बरेच आलेही आणि मजेत फिरले. साइटच्या तळाशी माझा नंबर होता. तो दिवसभर वाजत राहिला. कुणी शिव्या दिल्या, कुणी विचारलं, हा काय चावटपणा आहे. शहाद्याचा एक गाडीवाला अहिराणीत काकुळतीला आला होता, “मन्ही गाडी भरेल शे भाऊ, आते काय करू? रस्ता चालू शे का बंद शे, इतलंच सांग!” मला ‘इतलंच’ सांगता आलं नाही. रामसिंगकाका गावात म्हणत फिरत होते की, या पोरीनं अख्ख्या तोरणमाळचं नाव खराब केलं.

शनिवारी मी दुकान बंद केलं आणि वर निघालो. आमच्याच पानावर ‘येऊ नका’ लिहिलेलं असताना मी गेलो, कारण मला तिला ते काढायला लावायचं होतं. शहाद्याहून भाऊंच्या जीपमध्ये बसलो. चौथ्या वळणाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मला खाली उतरवलं.

“हात घाला, सर.”

मी हात घातला. माझी तीन बोटं आत गेली.

“गुरुवारी एक जात होतं,” भाऊ म्हणाले. मी वाटेत जुळवलेलं सगळं भाषण तिथेच राहिलं.

घरी योगिता रिकाम्या खोल्यांसमोर ओसरीवर उडीद निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी आणलं. “मी पान काढायला सांगायला आलो होतो,” मी म्हणालो.

“आता?”

“आता काही नाही.”

रविवारी सकाळी सातला भाऊ वळणावरून परतले. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. “पाणी गढूळ झालं,” ते म्हणाले. “काल स्वच्छ होतं. आतून माती सुटतेय.”

योगितानं फोन काढला. घरात रेंज नव्हती. तलावाच्या वरच्या टेकाडावर कधीमधी येते, म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. मी छत्री धरली, ती टाइप करत होती. ‘आज सकाळी सात वाजता. भिंतीखालचं पाणी गढूळ झालं आहे. जे वर आहेत त्यांनी अकराच्या आत खाली उतरा. जे खाली आहेत त्यांनी चढू नका.’ पुन्हा तेच हिंदीत. पान जायला किती वेळ लागला कोण जाणे. ती फोन डोक्यावर धरून उभी होती आणि तिच्या बाहीतून पाणी आत ओघळत होतं. गेलं, असं दिसल्यावरच तिनं हात खाली घेतला.

आम्ही खाली येतो तर दारात रामसिंगकाका उभे. त्यांच्या घरी उतरलेल्या धुळ्याच्या पाहुण्यांनी तलावाकडे रेंजमध्ये उघडलेलं ते पान त्यांना वाचून दाखवलं होतं.

“हे खरं आहे का ग?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला होता.

योगिता उत्तर देणार तोच भाऊ म्हणाले, “चल, दाखवतो.”

दोघं जीपमधून गेले. अर्ध्या तासानं आले तेव्हा रामसिंगकाका घाईनं उतरले. आधी आपल्या घरी गेले, पाहुण्यांच्या बॅगा स्वतः गाडीत ठेवल्या, मग पाहुणे असलेल्या प्रत्येक घराचं दार त्यांनी वाजवलं. ज्यांनी कुरकुर केली त्यांना ते म्हणाले, “मी माझ्या हातानं बघून आलोय. निघा.” शुक्रवारपासून योगिताला बोल लावणारा माणूस तो हाच.

भाऊ वळणावर जाऊन उभे राहिले. एक गाडी पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय दुसरी सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी वरच्या टोकाला गाड्या अडवून धरत होतो. त्रेचाळीस गाड्या उतरल्या. बारा वाजत आले होते तेव्हा शेवटची गेली. खालून त्या दिवशी एकच जीप चढत आली होती, ती भाऊंनी तिथूनच परत पाठवली.

अडीच वाजता आम्ही जेवायला बसलो होतो. आवाज आला तो गडगडाटासारखा नव्हता. खडीनं भरलेला मोठा डंपर कुणीतरी सावकाश रिकामा करतंय आणि तो काही केल्या रिकामा होत नाही, असा होता. भाऊ हातातला घास ताटात ठेवून उठले. आम्ही वरच्या वळणावरून बघितलं तेव्हा चौथं वळण जागेवर नव्हतं. झाडांसकट डोंगराची एक बाजू रस्ता घेऊन खाली गेली होती. कुणालाही साधं खरचटलंही नव्हतं.

योगिता तिथेच दगडावर बसली आणि रडायला लागली. तीन दिवस तिनं लोकांचं ऐकून घेतलं होतं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. रामसिंगकाका तिच्या शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, “पान लिही, बाई. लोक वाट बघत असतील.” ती उठली आणि टेकाडाकडे चालायला लागली.

मी वर नऊ दिवस अडकलो. त्या नऊ दिवसांत पायवाटेनं कुठून उतरता येतं, दूध-औषधं कुठे मिळतील, दरड काढायचं काम कुठवर आलं, हे सगळं ती रोज लिहीत होती. शेवटी जेसीबीनं कच्ची वाट काढली आणि लहान गाड्या एकेरी सुरू झाल्या. मोठ्या गाड्यांना मात्र घाट बंदच राहिला. पक्की भिंत व्हायला पुढचा पावसाळा येणार होता.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. फेब्रुवारीत एका दुपारी मी सहज बघत होतो की, लोक कोणते शब्द टाकून आमच्या पानावर येतात. त्यात नवेच शब्द दिसायला लागले होते. ‘तोरणमाळ घाट ट्रक सोडतात का.’ ‘टेम्पो वर जाईल का.’ शोधणारे होते बारडोली, नवसारी, कोल्हापूरकडचे. सीताफळाचे किंवा आमचुराचे व्यापारी असतील असं समजून मी योगिताला फोनवर वाचून दाखवलं.

तिनं ते शब्द मला पुन्हा एकदा वाचायला लावले.

“सर,” ती म्हणाली, “हे व्यापारी नाहीत. ऊसतोडीला गेलेले आमचे लोक आहेत. होळीला घरी यायचंय त्यांना. मुकादमाचा ट्रक दरवर्षी पार वरपर्यंत सोडतो. यंदा सोडेल की नाही, ते विचारतायत.” मग म्हणाली, “मी सगळं पाहुण्यांसाठी लिहीत बसले. आपली माणसं वाचतात, हे मला कधी सुचलंच नाही.”

मलाही सुचलं नव्हतं. पण मी आणखी आठवडाभर त्यावर विचार करत बसलो असतो. तिनं त्याच संध्याकाळी नवं पान केलं. ट्रक आणि टेम्पो घाटाखालच्या राणीपूरपर्यंतच येतील. तिथून वर कोण नेईल, त्यांची नावं आणि नंबर, त्यांत डोंगरसिंग आणि रामसिंग दोघांचे. सामान किती चढवता येईल. म्हाताऱ्या माणसांसाठी आधी कळवलं तर जीप थांबून राहील. सगळं लहान लहान वाक्यांत, कारण वाचणारा एक असेल आणि ऐकणारे वीस. शेवटी दोन ओळी पावरीत. शाळेत कधी न लिहिलेली घरची भाषा ती देवनागरीत पहिल्यांदाच लिहीत होती. एक शब्द तिनं चार वेळा बदलला.

होळीच्या आदल्या दिवशी मी राणीपूरला पोचलो. योगितानं बोलावलं होतं. भाऊंच्या जीपमध्ये पुढे बसलो होतो, ते गाडी सुरू करणार तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. पंचवीस-तीस माणसं, गाठोडी, भांडी, कोयते, झोपलेली लेकरं. एक तरणा माणूस उडी मारून उतरला. नाव आमशा, हे नंतर कळलं. त्यानं हातातल्या फोनकडे बघितलं, मग जीपकडे.

“डोंगरसिंग कोण?” त्यानं विचारलं. “पानावर लिहिलंय, डोंगरसिंगची जीप राणीपूरला उभी असेल.”

भाऊ त्या फोनकडे बघत होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मग ते उतरले, मागचं फाळकं उघडलं आणि पावरीत काहीतरी म्हणाले. टेम्पोतले सगळे एकदम हलले. भांडी टपावर चढायला लागली. आमशानं त्याच्या आजीला, कौसाबाईला, हाताला धरून आणलं. तिला बसायला कुठे जागा होते का, ते तो शोधत होता.

मी उतरलो, माझी पुढची जागा तिला दिली आणि पुढच्या फेरीची वाट बघत टपरीवर चहा सांगितला.